कंदाची पाठ

मला हुकूम होता नाला साफ करायचा.
कागदावर नाल्याला नाव नव्हतं, नुसता आकडा,
आणि आकड्यापुढे लिहिलेलं: गवत, गाळ, इतर.

ते 'इतर' एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुललं होतं.
मांडीभर पाण्यात, सायप्रसच्या झाडांना टेकून,
निळी, जांभळट आयरिस,
आणि मधेच एक ओळ गंजलेल्या तांबड्याची,
जसा चुलीवर विसरलेल्या भांड्याचा बुडखा.
मी पोकलेनचा दात पाण्याला लावला
आणि समोर एल्मीर व्हेरे.
वय ऐंशीच्या आत-बाहेर, पायात मुलाचे गमबूट,
हातात कोळंबीची रिकामी पोती.

"हिला आम्ही गलायूल म्हणतो," ती म्हणाली,
जसं काही मी विचारलं होतं.
"हलवायची वेळ ऑगस्टची. पानं थकतात, कंद झोपतो, तेव्हा.
पण तुझ्या साहेबाला ऑगस्ट कोण समजावणार?
मला दुपारपर्यंत दे."

लुइझियानात दुपार म्हणजे काय, हे कुणी ठरवलेलं नाही.
मी इंजिन बंद केलं. डबा खाल्ला.
ती वाकायची, कंदाखाली बोटं सारायची,
चिखल सोडताना बाळंतिणीसारखा आवाज करायचा.
तिसऱ्या पोत्याला तिचा श्वास चुकला
तेव्हा मी पुन्हा चावी फिरवली
आणि आयुष्यात पहिल्यांदा ती लोखंडी ओंजळ
इतकी हळू खाली नेली
की आतली क्रॉफिशसुद्धा हलली नाही.

बक्षीस म्हणून तिने मला एक गड्डा दिला, तांबड्यातला.
मी घरी पडलेला बाथटब अंगणात पुरला,
भोक बुजवलं, माती भरली, पाणी सोडलं,
आणि कंद असा खोल गाडला
जशी आपण महत्त्वाची गोष्ट गाडतो.
वर्षभर तो काही बोलला नाही.

ती आली, बघितलं, बाही दुमडली.
"अरे, हा मेलेला नाही, ह्याला कशाला पुरलंस?
मुळं चिखलात, पण पाठ उन्हाला दिसू दे.
वर उसाचं चिपाड पसर, उन्हाळ्यात भाजेल नाहीतर.
पाणी दोन बोटं पुरे.
आणि थंडीत हिरवा झाला तर घाबरू नकोस,
हिचं वर्ष उलटं चालतं."
जाताना बाथटबच्या कडेला हात टेकून उठली.
म्हणाली, "माझ्याकडे एवढी जागा आहे, आणि बघ, तू टबात."

तिच्याकडे खरंच जागा होती. चार एकर दलदल,
सव्वीस वर्षांत वाचवलेल्या नाल्यांची.
मग सप्टेंबरच्या वादळात आखात आत आलं
आणि दोन दिवस परत गेलं नाही.
मीठ वरून दिसत नाही.
पानांची टोकं आधी तपकिरी झाली, मग मधली शीर,
मग हात लावला की कंद लोण्यासारखे.
तिने एक उचलला, हुंगला, ठेवून दिला.
मला वाटलं काहीतरी बोलेल.
गमबूट काढून तिने उलटे केले,
एकेक करून, पाणी पूर्ण निथळेपर्यंत.

आता ती ह्यूस्टनला, मुलीकडे, पाचव्या मजल्यावर.
ऑगस्टात मी बाथटब उपसला.
एका गड्ड्याचे अकरा झाले होते,
एकमेकांच्या अंगावर चढलेले, कुणाचं कुठलं कळेना.
नवे कोंब असलेले चार निवडले, पानं वीतभर ठेवून छाटली,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवले
आणि पट्टा लावला. हसा.

तिच्या गॅलरीला ऊन फक्त सकाळचं.
सोबत नेलेल्या रंगाच्या बादलीत माती भरली
आणि मी कंद ठेवणार,
तोच तिने माझं मनगट धरलं,
माझा हात तसाच थोडा वर उचलला,
अजून थोडा.

खाली रस्त्यावर कुणीतरी
नाल्याची झाकणं बदलत होतं.